फाटक्या मोराची चाचणी

"मी सांगतो, सरळ चोरी करायची!" फुमो म्हणाला आणि त्याने तिसरी महाम्री तोंडात कोंबली. महाम्री गोड असते, तळलेली असते आणि चोरीचा बेत करताना अगदी योग्य असते, असं त्याचं मत होतं. अभ्यास करतानाही ती योग्य असते, हे त्याचं दुसरं मत.

"चोरी नाही रे, नमुना घ्यायचा!" त्याच्या धाकट्या बहिणीने, बिशाराने, दुरुस्ती केली. "तिमाताई म्हणाली ना, शास्त्रात त्याला नमुना म्हणतात!"

"आणि पकडले गेलो तर हाजीसाहेब त्याला काय म्हणतील?"

बिशाराने क्षणभर विचार केला. "चोरी!"

सोमोए पालथ्या घातलेल्या होडीवर बसून दोघांचं ऐकत होती. तिला भीती वाटत नव्हती. ती फार शूर होती म्हणून नव्हे, तर गेले नऊ दिवस तिला काहीच वाटत नव्हतं म्हणून. मांडी घालून फार वेळ बसलं की पाय बधिर होतो, तशी ती सगळीच्या सगळी बधिर झाली होती. काल तिच्या पायावर झाडावरून नारळ पडला. "अरे, नारळ," एवढंच ती म्हणाली आणि तो उचलून आईला देऊन आली.

नऊ दिवसांपूर्वी मटोंडोनी गावाच्या खाडीत मचव्यांच्या शर्यतीची रंगीत तालीम होती. हाजी शेबवानांचा 'तौसी' नावाचा मचवा सगळ्यांच्या पुढे होता. तौसी म्हणजे मोर. शिडावर बैलगाडीएवढा निळा मोर काढलेला. वारा भरला आणि मोर मानेपासून टर्रकन फाटला! मचवा कलंडला. आठ खलाशी पाण्यात पडले. सगळे पोहून आले, पण फुमोच्या थोरल्या भावाचं गळ्याजवळचं हाड मोडलं.

ते शीड सोमोएच्या बाबांनी शिवलं होतं. अथमान फुंडी बावीस वर्षं शिडं शिवत होते. फुंडी म्हणजे कारागीर. पण मटोंडोनीत नुसतं 'फुंडी' म्हटलं तरी लोक त्यांच्याच घराकडे बोट दाखवायचे. त्या संध्याकाळी मशिदीसमोरच्या दगडी कट्ट्यावर हाजीसाहेब सगळ्या गावासमोर गरजले, "शिवण कच्ची! अथमानची सुई म्हातारी झाली!"

बाबा घरी आले, सुई रेटायला तळहाताला बांधायचं चामडं खिळ्याला अडकवलं आणि तेव्हापासून दिवसाला दोनच शब्द बोलू लागले. एक "हं" आणि दुसरा "नको". पाचव्या दिवशी मात्र ते तीन शब्द बोलले, "मोम्बासाला जातो मी." तिथल्या सिमेंटच्या गोदामावर पहारेकऱ्याची जागा होती. शनिवारची बोट ठरली. मागाहून आई आणि सोमोएही जाणार. सिमेंटला शिवण लागत नाही.

आज बुधवार होता.

"पण नमुना कशाला हवाय, ते मला परत एकदा सांगा," फुमो म्हणाला. "मी ऐकत होतो, पण मधे महाम्री आली."

"कारण शिवण फाटलेलीच नाही," सोमोए सपाट आवाजात म्हणाली. "मी काल बघितलं. हाजीसाहेबांनी ते शीड पुरावा म्हणून भिंतीवर टांगलंय ना. बाबांचा एकेक टाका जागच्या जागी आहे. कापड फाटलंय. दोर घासून एक बारीकसं भोक पडलं, तिथून मोराची मान फाटत गेली, मग पोट. आणि जिथे रंग संपतो तिथे फाटणं थांबलं. बोटभरसुद्धा पुढे नाही."

"म्हणजे मोरच फाटला!" बिशारा किंचाळली. "कापड नाही फाटलं!"

"हेच तिमाताईला सांगितलं, तर ती म्हणाली, नमुना आणा."

तिमाताई ही फुमो-बिशाराची मामेबहीण, शर्यतीसाठी सुट्टीवर गावी आलेली. ती इंजिनिअर होती आणि नैरोबीजवळच्या एका कापड गिरणीत कापड फाडायचं काम करायची. दिवसभर. पगार घेऊन. तिची आजी लाजेने सगळ्यांना सांगायची, पोरगी बँकेत आहे.

दुपारी सगळं गाव जेवून आडवं झाल्यावर तिघं हाजीसाहेबांच्या अंगणाच्या भिंतीवर चढले. बेत साधा होता. फुमो पहारा देणार, बिशारा गप्प बसणार आणि सोमोए कापणार. यातला अवघड भाग बिशाराकडे होता.

पण अंगणात हाजीसाहेब टक्क जागे! खाली वाळूत मोम्बासाहून आलेलं नवंकोरं शीड पसरलेलं, आणि हाजीसाहेब लुंगी खोचून, हातात ब्रश घेऊन त्यावर वाकलेले. शेजारी लोखंडी फाटकाला लावतात त्या निळ्या ऑइलपेंटचे चार डबे. त्यांचं फाटकही निळंच होतं. त्यांचं गाढवही एका बाजूने निळं होतं, पण तो अपघात होता.

"कोण आहे रे भिंतीवर?"

"शिकामू, हाजीसाहेब!" फुमोने वडीलधाऱ्यांना करतात तो नमस्कार भिंतीवरूनच ठोकला. "आम्ही... आम्ही तुमची चित्रकला बघत होतो!"

हाजीसाहेब फुलले. "या, या! खाली या! बघा, यंदा दोन हात देतोय रंगाचे. गेल्या खेपेला एकच दिला होता. मोर कसा वाटतो?"

"फार छान कोंबडी आहे!" बिशारा म्हणाली.

गाढवसुद्धा चघळायचं थांबलं.

"मोर आहे तो," हाजीसाहेब म्हणाले.

"हो हो, मोरच! कोंबड्यांमधला मोर!" फुमोने तिला कोपराने ढोसलं. "हाजीसाहेब, पण शिडाला ऑइलपेंट कशाला?"

"कशाला म्हणजे? अरे, मचव्याला रंग देतो, वल्ह्याला देतो, नांगराला देतो. रंगाने लाकूड टिकतं, लोखंड टिकतं. मग कापड नाही टिकणार? उघडं कापड म्हणजे नागडं कापड! पाण्यावर जाणारी कुठलीही वस्तू बिनरंगाची सोडू नये, असं आमचे आजोबा सांगायचे."

हे खरं होतं. मटोंडोनीत पाण्यावर जाणाऱ्या सगळ्या वस्तूंना रंग लावायचे. फक्त मासे तेवढे सुटले होते.

सोमोए भिंतीवर टांगलेल्या जुन्या मोराकडे बघत होती. खिशात कात्री होती. काय वाटतंय ते तिने आत चाचपून बघितलं. काहीच नाही. मग तिने सरळ विचारलं.

"हाजीसाहेब, जुन्या मोराचा एक तुकडा द्याल?"

फुमोचा चेहरा गाढवाच्या दुसऱ्या बाजूसारखा राखाडी पडला.

"तुकडा? तू अथमानची मुलगी ना? कशाला हवाय?"

"जपून ठेवायला."

हाजीसाहेबांच्या डोळ्यांत पाणी आलं. इतक्या वर्षांत त्यांचं चित्र कुणी मागितलं नव्हतं. त्यांनी स्वतः सुरी आणली, स्वतः पिसाऱ्याचा वीतभर रुंद आणि हातभर लांब तुकडा कापला, कोपऱ्यात सही केली आणि वर तारीखही घातली. चोरी अशा रीतीने बारगळली.

"पहिल्यांदाच ऐकतोय," बाहेर आल्यावर फुमो म्हणाला, "पुराव्यावर आरोपीची सही!"

तिमाताई कडुलिंबाखाली वाट बघत होती. सोमोएने घरातून त्याच कापडाच्या ठाणातला उरलेला बिनरंगाचा तुकडा आणला होता. बाबांनी तिला कापड नेताना बघितलं आणि ते म्हणाले, "हं."

"आता दोन्हीच्या पँटी करा," तिमाताई म्हणाली.

"पँट?" तिघं एकदम ओरडले. म्हणजे दोघं ओरडले. सोमोए नुसती म्हणाली.

"शिवू नका, कापा. ही अशी पट्टी घ्यायची आणि मधोमध अर्ध्यापर्यंत चीर द्यायची. झाले दोन पाय, वर कंबर. एक पाय फांदीला बांधायचा, दुसऱ्याला वजन. आमच्याकडे यंत्र असतं, तेही हेच करतं. कापड किती जोराने ओढल्यावर तुटतं हे एक आणि एकदा फाटायला लागल्यावर किती जोराने फाटत जातं हे वेगळं. लोक पहिलंच बघतात. ओढून बघतात आणि म्हणतात, वा, मजबूत!"

"तुम्ही नैरोबीत रोज पँटी फाडता?" फुमोने आदराने विचारलं.

"दिवसाला चाळीस."

"आणि आई मला एका पँटीसाठी मारते!"

दुसऱ्या पायाला पिवळा पाण्याचा कॅन बांधला. बिशारा मगाने पाणी ओतू लागली, फुमो मोजू लागला आणि सोमोए वहीत लिहू लागली. बिनरंगाची पँट पहिली. दहा मग... पंधरा... चीर जरा सरकली आणि थांबली. अठरा... एकोणीस... विसाव्या मगाला कापड कुरकुरत फाटत गेलं.

"पुन्हा," तिमाताई म्हणाली. "एकदा मोजलं तर ती गंमत. तीनदा मोजलं तर ते मोजमाप."

दुसऱ्या खेपेला एकवीस मग लागले. तिसरी पँट फांदीला बांधायच्या आत हाजीसाहेबांच्या निळ्या गाढवाने खाल्ली. सोमोएने वहीत नोंद केली, 'नमुना तीन: गाढवाने खाल्ला. गाढवाचा जोर मोजलेला नाही.' मग चौथी कापली. वीस.

आता मोराची पँट. एक मग... दोन... तीन... चार...

टर्र!

कॅन दाणकन खाली आला. बिशाराच्या हातात मग तसाच.

"चार?" फुमो म्हणाला. "चारच? मी चुकलो असेन!"

"चारपर्यंत तूसुद्धा चुकत नाहीस," बिशारा म्हणाली.

पुन्हा केलं. पाच. पुन्हा. चार.

"पण असं कसं? रंगवलेलं तर जाड आहे!"

तिमाताईने साध्या कापडाची फाटकी कड त्यांच्यासमोर धरली. "हे बघा. चिरेच्या टोकाशी धागे सरकून जवळ आलेत, घोळका करून. तुम्हा तिघांना गल्लीत एखादा दांडगट भेटला तर काय कराल? एकमेकांना बिलगून उभे राहाल ना? मग त्याला तिघांशी एकदम लढावं लागेल. धागे तेच करतात. आता समजा तुमचे पाय रंगाने जमिनीला घट्ट चिकटलेत. एकाला दुसऱ्याकडे सरकता येत नाही. मग तो दांडगट काय करेल?"

"आधी फुमोला मारेल," बिशारा म्हणाली, "मग मला, मग सोमोएला. एकेक करून!"

"बस्स. फाटणं म्हणजे तेच."

"आणि नव्या शिडावर दोन हात रंग," सोमोए म्हणाली. "शुक्रवारी शर्यत. पुन्हा आठ जण."

हे तिने इतक्या थंडपणे म्हटलं, की फुमोच्या तोंडातली महाम्री तोंडातच राहिली.

गुरुवारी दुपारी ओहोटीला सगळं गाव किनाऱ्यावर जमलं. शर्यतीच्या आदल्या दिवशी वडीलधारे प्रत्येक शीड डोळ्यांखालून घालायचे, आल्याची कॉफी प्यायचे आणि काहीही असलं तरी "ठीक आहे" म्हणायचे, ही पद्धत होती. बाबाही आले होते. सगळ्यात मागे, हातात काही नाही. दहा दिवसांत त्यांच्या हातांना काय करायचं ते सुचत नव्हतं. ते पाठीमागे, मग पुढे, मग परत पाठीमागे जात होते.

सोमोए वही घेऊन सर्वांत वयोवृद्ध बाकारी आजोबांसमोर उभी राहिली. "आजोबा, रंगामुळे शीड फाटलं. शिवणीमुळे नाही. बिनरंगाचं कापड फाडायला वीस मग पाणी लागतं. रंगाचं चार मगांत फाटतं."

"कसले मग?" आजोबांनी कानाला हात लावला.

"पँटीत, आजोबा!" बिशारा मदतीला धावली. याने फारशी मदत झाली नाही.

किनारा हसला. हाजीसाहेब सर्वांत मोठ्याने हसले. "रंगाने कापड कमजोर? या, ओढून बघा!" दोन दांडग्या खलाश्यांनी जुन्या शिडाच्या रंगवलेल्या कापडाचा लांब पट्टा दोन्हीकडून ओढला. काही झालं नाही. "पुरे नाही? थांबा!" त्यांनी तो हातभर रुंद पट्टा मचव्याच्या परबाणाला, म्हणजे शीड लावायच्या आडव्या दांड्याला, झोळीसारखा बांधायला लावला आणि स्वतः लुंगी सावरत त्यात जाऊन बसले. एकशेदहा किलोचे हाजीसाहेब ओहोटीच्या चिखलावर झुलू लागले. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"बघ, पोरी! हा ऑइलपेंट! अथमान, बघतोयस ना?"

बाबांनी मान खाली घातली.

सोमोए झोळीजवळ गेली. "हाजीसाहेब, समुद्रात शिडाला कधी बारीक भोक पडत नाही का? दोर घासून वगैरे?"

"पडतं की! शंभरदा पडतं! नखाएवढ्या भोकाने काय होतंय?"

"पाडू?"

"पाड! खुशाल पाड!"

तिने कात्री काढली आणि पट्ट्याच्या कडेला नखाएवढी चीर दिली. कट्.

"बघितलंत?" हाजीसाहेब सगळ्यांकडे वळून म्हणाले. "काहीसुद्धा होत ना—"

टर्रर्र!

उरलेला 'ही' त्यांनी चिखलात उच्चारला.

किनाऱ्यावर कुणी हसलं नाही. मग कुणीतरी हसलं. मग बाकारी आजोबांनी काठी उचलली आणि सगळे गप्प झाले. "साधं कापड आणा. तेवढंच रुंद. मला त्याचंही बघायचंय."

दुसरा पट्टा बांधला गेला. "कोण बसणार?" आजोबांनी विचारलं. हाजीसाहेबांनी चिखलातून मान हलवली. खलाश्यांनी वाळूकडे बघितलं.

मागून कुणीतरी पुढे आलं. बाबा होते. ते आपल्या कापडाच्या झोळीत बसले आणि त्यांनी सोमोएकडे बघून कडेकडे बोट दाखवलं.

"हे बरोबर नाही!" चिखल ओरडला. "अथमान माझ्या निम्माच आहे!"

"बरोबर," आजोबा म्हणाले. "भरती करा."

फुमो धावत जाऊन बाबांच्या मांडीवर बसला. पुरेना. फुमोच्या मांडीवर बिशारा चढली. तरी थोडं कमी वाटलं, म्हणून बिशाराच्या हातात ओल्या नारळांची एक पेंडी दिली. गाढवाचाही विचार झाला, पण तो नाकारण्यात आला. परबाण करकरलं.

सोमोएने कात्री कापडाला लावली. खाली चिखल होता, फार तर कपडे खराब झाले असते. पण झोळी फाटली, तर शनिवारी बोट होती, आणि त्या बोटीनंतर काहीच नव्हतं. तिचा हात थरथरला नाही. थरथरायला हवा होता, असं तिला वाटलं.

कट्.

नखाएवढी चीर. सगळे कापडाकडे बघत होते. चीर दोन बोटं सरकली. तिच्या टोकाशी धागे गोळा झाले, एकमेकांना बिलगले. आणि थांबली.

"अजून काप," आजोबा म्हणाले.

तिने बोटभर कापलं. चीर थोडी सरकली आणि थांबली. बाबा, फुमो, बिशारा आणि नारळ तसेच झुलत राहिले.

"उतरू का?" फुमो म्हणाला. "नारळ टोचतायत."

मग एकच गलका झाला. बाकारी आजोबा काठी टेकत उठले. "अथमान, आम्ही कट्ट्यावर बसून तुझ्या शिवणीला नावं ठेवली आणि शिवण बघायला एक माणूस उठला नाही. चूक आमची आहे. या पोरांना जे दिसलं ते आम्हा म्हाताऱ्यांना दिसलं नाही. शाबास!" लोक "शाबास! शाबास!" ओरडले. कुणी फुमोला उचललं, कुणी बिशाराला. तिमाताईच्या आजीने भर गर्दीत जाहीर केलं, "माझी नात कापड फाडते! बँकेबिंकेत नाही!" हाजीसाहेब निळे-तपकिरी होऊन बाबांसमोर आले, हात पुढे केला आणि हळूच म्हणाले, "मोर मचव्याच्या फळ्यांवर काढला तर चालेल ना? लाकडावर?"

"हं," बाबा म्हणाले.

सोमोएच्या डोक्यावरून कितीतरी हात फिरले. तिने प्रत्येकाला मान तुकवली. आत अजून सगळं गप्पच होतं. लांब कुठेतरी दुसऱ्याच कुणाचं कौतुक चाललंय, असं वाटत होतं.

बाबा तिच्याजवळ आले. तिच्या वहीत ठेवलेल्या फाटक्या पँटी त्यांनी एकेक करून उचलल्या, उजेडात धरल्या, उलटसुलट केल्या. त्यांच्या कपाळावर आठी पडली.

"ही काय कात्री चालवली आहेस?" ते म्हणाले. "धाग्याच्या रेषेत कापायचं असतं, एवढंही कळू नये? एक पाय लांब, एक आखूड! ही पँट आहे की लंगड्या बगळ्याची चड्डी? आणि चांगल्या ठाणातलं कापड घेतलंस, कडेचं घ्यायला काय झालं होतं? फुंडीची मुलगी म्हणवतेस आणि..."

सोमोए रडायला लागली.

अगदी मोठ्याने, तोंड उघडून, नाक गळेपर्यंत. आणि आता परवा नारळ पडलेला तिचा पायही दुखायला लागला. बाकारी आजोबा म्हणाले, "अरे अथमान, पोरीने एवढं केलं आणि तू तिला बोलतोस?" बिशारा म्हणाली, "काका, आमच्या पँटी तिनेच कापल्या, पण वाकड्या मी धरल्या!" बाबांनी कुणाकडेच लक्ष दिलं नाही. ते अजून कडा तपासत होते, बोलत होते, भरभरून बोलत होते, दहा दिवसांचं एकदम.

"...आणि रडून झालं की घरी ये. हाजीचं नवं शीड रंगासकट गेलं. उद्या सकाळच्या आत दुसरं शिवायचंय. सगळी शिवण माझी, पण कापायला तू बसायचंस. सरळ कापेपर्यंत उठायचं नाही!"